वाचकांचे प्रश्न : सिनडसाठी प्रार्थना करताना नेमके काय मागावे?

या अंकासाठी निवडलेली सर्व पत्रे कोल्हापूर शहर आणि आसपासच्या गावांतून आलेली आहेत आणि ती एकाच विषयाची आहेत : सिनड, म्हणजे चर्चमधील विचारविनिमयासाठी भरणारी सभा. काही पत्रे बरीच लांब होती; त्यांतला प्रश्न तेवढा येथे थोडक्यात दिला आहे.

प्रश्न : रविवारच्या मिस्सेत विश्वासूंच्या प्रार्थनांच्या वेळी "सिनडसाठी प्रार्थना करू या" असे अधूनमधून ऐकू येते आणि आम्ही "प्रभो, आमची प्रार्थना ऐक" म्हणून मोकळे होतो. कोल्हापुरात ख्रिस्ती म्हटले की बहुतेकांना चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच आठवते, आणि त्यांच्याकडेही सिनड आहे. माझ्याबरोबर काम करणारी केरळची सिरो-मलबार कॅथलिक परिचारिका सांगते की त्यांच्या सिनडने त्यांचे प्रमुख निवडले. हे सगळे एकच आहे का? (एक वाचिका, नागाळा पार्क)

उत्तर : नाही, या तीन वेगवेगळ्या व्यवस्था आहेत. कोल्हापूरसारख्या शहरात, जिथे एकाच गल्लीत तिन्ही परंपरांची घरे सापडतात, हा गोंधळ होणे अगदी स्वाभाविक आहे.

चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा चर्चच्या एकत्रीकरणातून झाली. कोल्हापुरात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून काम करणाऱ्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनची परंपरा याच प्रवाहात मिसळलेली आहे. या चर्चमध्ये सिनड ही सर्वोच्च प्रातिनिधिक संस्था आहे. तीत बिशप, पाळक आणि सामान्य सभासद एकत्र बसतात, मॉडरेटरची, म्हणजे चर्चच्या प्रमुखाची, निवड करतात, आणि तिने घेतलेला निर्णय हा त्या चर्चचा निर्णय असतो.

आपल्या सहकारी भगिनींची गोष्ट आणखी वेगळी आहे. सिरो-मलबार चर्च पोपशी पूर्ण ऐक्यात असलेले, परंतु स्वतःचा उपासनाविधी आणि स्वतःची शासनव्यवस्था असलेले पौर्वात्य कॅथलिक चर्च आहे. त्याच्या बिशपांच्या सिनडला कायदे करण्याचा आणि मेजर आर्चबिशप, म्हणजे त्या चर्चचे प्रमुख, निवडण्याचा खराखुरा अधिकार आहे. जानेवारी 2024 मध्ये मार राफेल थट्टिल यांची निवड याच सिनडने केली आणि पोप फ्रान्सिस यांनी तिला मान्यता दिली.

आपण आणि मी लॅटिन परंपरेचे कॅथलिक आहोत. कोल्हापूर जिल्हा 2005 मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येतो. आपल्या मिस्सेतील प्रार्थनेत ज्या सिनडचा उल्लेख होतो तो बहुतेक वेळा रोममधील "बिशपांचा सिनड" असतो. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेचे (1962 ते 1965) अखेरचे सत्र सुरू असताना, 15 सप्टेंबर 1965 रोजी, पोप पॉल सहावे यांनी तो स्थापन केला. जगभरातील बिशप परिषदेसाठी एकत्र आले होते. ती संपल्यावर सारे आपापल्या देशी परतणार आणि पुन्हा कारभार रोमच्या कचेऱ्यांपुरता उरणार, ही अनेकांची काळजी होती. बिशपांच्या प्रतिनिधींनी ठरावीक काळाने एकत्र येऊन पोपना सल्ला द्यावा, हा त्यावरचा उपाय होता. याखेरीज प्रत्येक धर्मप्रांताचा बिशप आपल्या धर्मगुरूंना, व्रतस्थांना आणि प्रापंचिकांना बोलावून धर्मप्रांतीय सिनड भरवू शकतो. त्यात चर्चा सर्वांची असते, परंतु ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेच्या 466 व्या कलमानुसार कायदा करणारा एकटा बिशपच असतो.

प्रश्न : वर्तमानपत्रांत वाचले की रोममधील सिनडमध्ये परिच्छेदागणिक मतदान झाले. बहुमताने श्रद्धा बदलता येते का? आणि येत नसेल, अखेरचा शब्द पोपचाच असेल, तर एवढा खटाटोप कशासाठी? (एक निवृत्त शिक्षक, शाहूपुरी)

उत्तर : आपल्या दोन्ही शंका परस्परविरोधी वाटतात, पण त्या एकाच समजुतीतून आलेल्या आहेत : सभा म्हटली की एक तर तिने निकाल लावावा, नाही तर ती निरर्थक. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा आपण पाहिल्या असतीलच. विषयपत्रिकेचे वाचन पुरे होण्याआधीच एका बाजूने "मंजूर, मंजूर" आणि दुसऱ्या बाजूने "नामंजूर" असा गजर सुरू होतो आणि कोण काय बोलले हे कोणालाच कळत नाही. सिनडची कल्पना नेमकी याच्या उलट आहे. कायदेसंहितेचे 343 वे कलम सांगते की सिनडने पुढे आलेल्या विषयांवर चर्चा करावी आणि आपले मत मांडावे. निर्णय देणे किंवा हुकूम काढणे हे तिचे काम नाही. पोपनी एखाद्या बाबतीत निर्णयाचा अधिकार दिलाच, तरी त्या निर्णयाला त्यांची मान्यता लागते.

मग मतदान कशासाठी, तर एखादे मत सभेत किती खोलवर रुजले आहे हे उघडपणे नोंदले जावे यासाठी. ऑक्टोबर 2024 मधील सत्राचा अंतिम दस्तऐवज 155 परिच्छेदांचा आहे आणि प्रत्येक परिच्छेदाला दोन तृतीयांश मते मिळणे आवश्यक होते. सगळे परिच्छेद संमत झाले, परंतु सारख्याच मतांनी नव्हे. स्त्रियांच्या ख्रिस्तसभेतील स्थानाविषयीचा 60 वा परिच्छेद, ज्यात स्त्रियांना डीकन हे (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचे दीक्षित) पद देण्याचा प्रश्न अजून खुला आहे असे म्हटले आहे, 258 विरुद्ध 97 मतांनी संमत झाला. हे आकडे झाकून ठेवलेले नाहीत, ते प्रसिद्ध केलेले आहेत, आणि माझ्या मते संमतीपेक्षा हीच गोष्ट अधिक बोलकी आहे. सत्त्याण्णव जणांनी नकार दिला, तरी ते उठून गेले नाहीत. बहुमताच्या बाजूचेही आपण जिंकलो म्हणून नाचले नाहीत, कारण त्या मताने स्त्रियांच्या डीकनपदाविषयी काहीच ठरणार नव्हते.

अखेरचा शब्द पोपचा असतो म्हणून सल्ला फुकट जातो, असे इतिहास सांगत नाही. 1974 चा सिनड सुवार्ताप्रसारावर होता. त्यातील विचारमंथनावर पोप पॉल सहावे यांचे 1975 चे प्रसिद्ध प्रबोधनपत्र उभे आहे. 1998 मध्ये आशिया खंडासाठी खास सिनड रोममध्ये भरला, आणि त्यावरचे प्रबोधनपत्र पोप जॉन पॉल दुसरे यांनी 6 नोव्हेंबर 1999 रोजी दिल्लीत येऊन, ऐन दिवाळीच्या दिवसांत, प्रसिद्ध केले. 2024 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वेगळे पत्र लिहिण्याऐवजी सिनडचा अंतिम दस्तऐवजच जसाच्या तसा स्वीकारला आणि तो आपल्या नित्य शिकवणीचा भाग आहे असे नंतर स्पष्ट केले. 2018 मध्ये त्यांनीच केलेल्या नियमांत याची सोय होती. श्रद्धासिद्धांत मात्र यांपैकी कोणत्याही मार्गाने बदललेला नाही. सिनडला तो अधिकार कधी नव्हता आणि आजही नाही.

प्रश्न : 2021-22 मध्ये चर्चमध्ये बैठका घेऊन आमचीही मते विचारली होती. आम्ही तरुणांनी मनापासून सांगितले. पुढे त्याचे काय झाले, कळले नाही. सिनड तर संपला, मग आता प्रार्थना कशाची? (एक तरुण वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : आपल्या तक्रारीत तथ्य आहे. मते मागवणाऱ्यांनी त्या मतांची वाटचाल मते देणाऱ्यांना कळवायला हवी होती, आणि अनेक ठिकाणी ते झालेले नाही.

वाटचाल अशी झाली. पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर 2021 मध्ये रोम येथे या प्रक्रियेचा आरंभ केला आणि 17 ऑक्टोबरला धर्मप्रांतोधर्मप्रांती तिची सुरुवात झाली. धर्मप्रांतांची टिपणे देशाच्या बिशप-परिषदेकडे गेली, तेथील सारांश रोमला गेला, आणि सर्व देशांच्या सारांशांवरून तयार झालेला दस्तऐवज पुन्हा खंडाखंडांतील सभांकडे पाठवण्यात आला. आशियाची सभा 24 ते 26 फेब्रुवारी 2023 या काळात बँकॉक येथे झाली. रोमच्या दस्तऐवजाने ख्रिस्तसभेसाठी यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातील, जागा वाढवलेल्या डेऱ्याचे चित्र वापरले होते. आशियाच्या प्रतिनिधींनी त्याच्या जोडीला उंबरठ्याबाहेर पादत्राणे काढून ठेवण्याचे चित्र सुचवले. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या दुःखाजवळ जाताना ज्या आदराने जायचे तो आदर त्यांना त्यातून सांगायचा होता. हे चित्र आपल्या मातीतले आहे, ते कोणी युरोपातून शिकवलेले नाही, आणि आपण दिलेली मते ज्या प्रवाहात मिसळली त्याच प्रवाहातून ते वर आले. पुढे 4 ते 29 ऑक्टोबर 2023 आणि 2 ते 27 ऑक्टोबर 2024 अशी दोन सत्रे रोममध्ये झाली. त्यांत प्रथमच स्त्रियांना आणि प्रापंचिकांनाही मताधिकार मिळाला आणि 50 हून अधिक स्त्रियांनी मतदान केले. सर्वांत वादाचे काही विषय सभेत न उरकता दहा अभ्यासगटांकडे सोपवण्यात आले.

आणि सिनड संपला हेही पूर्ण खरे नाही. मार्च 2025 मध्ये, पोप फ्रान्सिस रुग्णालयात असताना, त्यांनी अंमलबजावणीचा आराखडा मंजूर केला. त्यांच्या निधनानंतर आलेले पोप लिओ चौदावे यांच्या काळात तो पुढे चालू आहे. त्यानुसार 2027 मध्ये आधी धर्मप्रांतांत आणि मग देशपातळीवर आढाव्याच्या सभा व्हायच्या आहेत, 2028 च्या आरंभी खंडांच्या, आणि ऑक्टोबर 2028 मध्ये व्हॅटिकन येथे ख्रिस्तसभेची सभा. याचा अर्थ, प्रार्थनेचा विषय रोमहून पुन्हा आपल्या धर्मग्रामात आलेला आहे. आपल्या पॅरिश कौन्सिलची बैठक कशी चालते, हिशेब लोकांसमोर ठेवला जातो की नाही, गडहिंग्लजच्या तरुणांना तीत जागा आहे की नाही, हे सगळे त्या अंतिम दस्तऐवजाच्या कक्षेत येते. आपल्या फादरांना भेटून आढाव्याच्या सभेबद्दल आत्ताच विचारावे. ते उद्धटपणाचे ठरणार नाही.

प्रश्न : सिनडसाठी प्रार्थना करायची तर नेमके काय मागायचे? माझी काही मते ठाम आहेत. तीच सिनडमध्ये टिकावीत अशी प्रार्थना करणे चूक आहे का? (एक गृहिणी, कसबा बावडा)

उत्तर : देवापाशी मनातले मागणे चूक नाही, स्तोत्रकर्ते तर याहून कितीतरी धीटपणे मागतात. परंतु सिनडसाठीची प्रार्थना तेवढ्यावर थांबली तर ती सिनडसाठी न राहता आपल्या मतासाठी होते. यावर सर्वांत चांगले मार्गदर्शन खुद्द सिनडच्या प्रार्थनेतच आहे, म्हणून तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

सभेच्या आरंभी म्हटली जाणारी ही प्रार्थना सातव्या शतकातील स्पेनमधील संत इसिदोर यांच्या नावाने ओळखली जाते. स्पेनमधील प्रांतिक परिषदांतून ती चालत आली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या बैठकांपूर्वी ती म्हटली जात असे, आणि 2021 पासूनच्या प्रक्रियेसाठी तिचे सोपे रूप जगभर देण्यात आले. "हे पवित्र आत्म्या, आम्ही तुझ्यासमोर उभे आहोत" या आशयाने ती सुरू होते. पुढे ती जे मागते ते लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. आमच्या अंतःकरणात वस्ती कर, कोणत्या वाटेने जायचे आणि त्या वाटेने कसे चालायचे ते शिकव, हे मागणे ओळखीचे वाटते. परंतु त्यानंतर प्रार्थना एकदम जमिनीवर येते : आम्ही दुर्बळ आणि पापी आहोत, आमच्या हातून गोंधळ माजू देऊ नकोस, अज्ञान आम्हांला चुकीच्या वाटेला नेऊ नये, पक्षपात आमच्या कृतीला वळवू नये. मूळ जुन्या लॅटिन पाठात तर याहून स्पष्ट बोलले आहे. मर्जी सांभाळण्यासाठी, भेटवस्तू घेऊन किंवा माणसाचे तोंड पाहून आमचा न्याय बिघडू नये, असे तीत मागितले आहे. चौदा शतकांपूर्वीच्या बिशपांना आपल्या सभेत वशिला आणि नजराणा शिरू शकतो हे माहीत होते, आणि त्यांनी ते प्रार्थनेतच कबूल करून टाकले होते.

या सबंध प्रार्थनेत कोणत्याही ठरावाचे नाव नाही, आणि सिनडसाठी मागायचे ते हेच आहे : जमलेल्यांना ऐकू यावे, भीतीपोटी कोणी गप्प बसू नये, आणि अहंकारापोटी कोणी दुसऱ्याला गप्प बसवू नये. आपले ठाम मत त्यात अवश्य घाला, पण "हे खरे असेल तर ते कोणाच्या तरी तोंडून नीट मांडले जावे, आणि मी चुकत असेन तर मलाही ते दिसावे" अशा रीतीने घाला. दुसरा अर्धा भाग म्हणायला जड जातो. तो गाळू मात्र नये.

ही सावधगिरी मी विनाकारण सुचवत नाही. आपल्याच देशात, कोचीजवळ उदयंपेरूर येथे, जून 1599 मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी सिनड भरवला. प्रार्थना तेथेही झाल्या, विधीही झाले. परंतु सिनड ज्यांच्याविषयी होता त्या केरळमधील प्राचीन संत थोमा ख्रिस्ती समाजाचे म्हणणे ऐकून घेण्यापेक्षा त्यांच्यावर लॅटिन पद्धत लादण्याचाच तो प्रसंग ठरला. त्यांचे सिरियाक ग्रंथ दुरुस्त करण्याचे किंवा जाळण्याचे हुकूम निघाले. त्याची जखम चिघळत राहिली आणि 3 जानेवारी 1653 रोजी मट्टनचेरी येथे त्या समाजाने जेझुइट अधिकाऱ्यांची सत्ता न मानण्याची शपथ घेतली. त्यातून पडलेली फूट आजही पूर्णपणे सांधलेली नाही. पवित्र आत्म्याचे नाव घेतले म्हणजे सभा आपोआप त्याचे ऐकतेच असे नाही, आणि म्हणूनच तिच्यासाठी प्रार्थना लागते.

प्रार्थना आणि कामकाज हे दोन कप्पे नाहीत, हे अलीकडच्या सिनडमध्ये अधिक जाणीवपूर्वक पाळले जाते. 2018 च्या युवकांविषयीच्या सिनडमध्ये पोप फ्रान्सिस यांनी दर पाच भाषणांनंतर सुमारे तीन मिनिटे मौन पाळण्यास सांगितले. 2023 मध्ये सत्रापूर्वी सदस्यांची तीन दिवस मौनसाधना झाली, आणि मग गोल मेजांभोवती बसून आधी प्रत्येकाने बोलायचे, मग सर्वांनी शांत राहायचे, आणि दुसऱ्या फेरीत स्वतःचे नव्हे तर दुसऱ्याच्या बोलण्यातले आपल्याला काय भिडले ते सांगायचे, अशी रीत ठेवली होती. आपल्या महिला मंडळाच्या बैठकीत ती एकदा करून पाहावी. दुसरी फेरी आली की बोलणाऱ्यांची भाषा कशी बदलते ते दिसेल.

घरी करायचे तर अवघड काही नाही. रोममधील सत्रे बहुधा ऑक्टोबरमध्ये असतात आणि तो जपमाळेचा महिना आहे. बुधवारी व रविवारी म्हटल्या जाणाऱ्या गौरवाच्या रहस्यांपैकी तिसरे रहस्य, पवित्र आत्म्याचे आगमन, या हेतूसाठी अर्पण करावे. प्रेषितांबरोबर मरियाही त्या माडीवर प्रार्थनेत होती, हे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात आहे. धर्मगुरूंना विनंती करता येईल अशीही एक गोष्ट आहे. मिस्साग्रंथात विविध प्रसंगांसाठीच्या मिस्सांमध्ये "परिषद किंवा सिनड" यासाठी स्वतंत्र मिस्सा दिलेली आहे. उपासनेच्या नियमांनुसार ज्या दिवशी परवानगी असेल त्या दिवशी ती अर्पण करता येते. विश्वासूंच्या प्रार्थना लिहिणाऱ्यांनी मात्र "सिनड यशस्वी व्हावा" असे मोघम वाक्य टाळावे. विषय कोणता, कोण जमले आहे, कोणाचे ऐकले जाण्याची गरज आहे, हे एका वाक्यात सांगितले तर लोक मनापासून प्रतिसाद देतात.

प्रश्न : मी रविवारी लहान मुलांना धर्मशिक्षण देते. त्यांना सिनड कसा समजावून सांगावा? (एक शिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर : व्याख्या देऊ नये, प्रेषितांची कृत्ये, अध्याय 15 मुलांकडून पात्रे वाटून वाचून घ्यावा. परराष्ट्रीय ख्रिस्ती झाले तर त्यांनी मोशेचे नियमशास्त्र पाळावे का, यावरून मोठा वाद होतो, पेत्र बोलतो, सगळा समुदाय गप्प राहून बर्णबा आणि पौल यांचे ऐकतो, याकोब मत मांडतो आणि मग अंत्युखियाच्या मंडळीला पत्र जाते, ज्यात "पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले" हे शब्द आहेत. एका मुलाला पत्र घेऊन जाणारा यहूदा करावा, एकाला सीला, आणि उरलेल्यांनी पत्र ऐकून आनंद करणारे अंत्युखियाचे लोक व्हावे. मधले याकोबाचे भाषण लहानांना जड जाते. ते तुम्हीच आपल्या शब्दांत सांगितले तरी चालेल. अध्यायाच्या शेवटच्या वचनांत, एवढा मोठा प्रश्न एकत्र सोडवून आल्यानंतर पौल आणि बर्णबा यांचे मार्काला बरोबर न्यावे की नाही यावरून कडाक्याचे भांडण होते आणि ते वेगवेगळ्या वाटांनी जातात. तो भाग गाळू नका. मुले त्याच भागावर सर्वांत जास्त प्रश्न विचारतील.